रियाज मिस्त्री आणि नऊ आकड्यांची डबी

रियाज मिस्त्री गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला एकच गोष्ट सांगायचे. "तुम्ही बोलू नका साहेब. तिला बोलू द्या."

मग ते हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, लाकडी मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मिनिटभर. तेवढ्या वेळात गिऱ्हाइकाने खाकरलेलंही त्यांना खपायचं नाही. डोळे उघडले की निकाल: "तिसऱ्या सिलिंडरचा नोझल गेलाय. बाकी तब्येत ठणठणीत." आता गिऱ्हाईक पडलं पुण्याचं. ते असं एका मिनिटात पटवून घेईल होय? कोथरूडचे एक प्राध्यापक तर "मला पुरावा लागतो" म्हणून गाडी घेऊन गेले, मोठ्या वर्कशॉपात सगळं इंजिन खोलायला लावलं, आठ दिवस रिक्षाने कॉलेजात गेले आणि नवव्या दिवशी कात्रजला मिस्त्रींच्या गॅरेजात हजर.

"अहो मिस्त्री, तुम्ही म्हणाला होतात तेच निघालं!"

"मी कुठं म्हणालो? तीच म्हणाली होती," असं म्हणून मिस्त्रींनी त्यांना चहा पाजला.

मूळचे ते खडकीचे. वडील दारूगोळा कारखान्यात होते, राहायला क्वार्टर होतं, आणि पोरानंही तिथंच चिकटावं, पेन्शन घ्यावी, एवढीच त्या बापाची दुनियेकडून अपेक्षा होती. पण पोराचे पाय डेपोत येणाऱ्या लष्करी ट्रकांकडे वळायचे. सोळाव्या वर्षी एका उस्तादाच्या हाताखाली लागले. उस्तादाने पहिले सहा महिने पान्याला हात लावू दिला नाही, नुसतं ऐकायला बसवलं. कोणता पंप, कोणता व्हॉल्व्ह, कुठला बेअरिंग घरघरतोय. त्या सहा महिन्यांवर मिस्त्रींनी पुढची छत्तीस वर्षं काढली. लग्न झालं, घाटाच्या अलीकडे स्वतःचं गॅरेज झालं, फरहत झाली. खडकीचं क्वार्टर सुटलं, घरही कात्रजला आलं. सगळं कानाच्या जोरावर.

आणि मग जमाना बदलला. एक्क्याण्णव सालानंतर या शहरात काय काय येऊन पडलं, ते सांगायला बसलो तर सकाळ होईल. पूर्वी रस्त्यावर चार जातीच्या गाड्या होत्या, आता चाळीस. हिंजवडीच्या माळावर, जिथं कुत्रं फिरकत नव्हतं, तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. इंजिनंही शहाणी झाली. पूर्वी पंपाचं टायमिंग हाताने लावायचं असायचं, दोन केसांएवढं इकडं, दोन केसांएवढं तिकडं. आता बॉनेट उघडावं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण, आत वायरींचा गुंता, आणि कुठंतरी कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, जो ठरवणार किती डिझेल द्यायचं ते. मिस्त्रींच्या जोडीच्या निम्म्या लोकांनी गॅरेजं बंद करून पंक्चरची दुकानं टाकली. मिस्त्री टिकले. कॉम्प्युटर असो नाही तर आणखी काही असो, शेवटी आत पिस्टनच हलतो आणि हलणारी वस्तू आवाज करतेच, असं त्यांचं म्हणणं.

त्यात फरहतने काय करावं? इंजिनीअर झाली, हिंजवडीत लागली, आणि तिथं तिला काम मिळालं तेही परदेशातल्या गाड्यांच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायचं! सकाळी कंपनीची बस कात्रजच्या चौकात यायची, गळ्यात ओळखपत्र अडकवून पोरगी चढायची, आणि मिस्त्री समोरच्या टपरीवरून बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. "माझी पोरगी इंजिनाला अक्कल शिकवते," असं ते टपरीवाल्याला इतक्या वेळा सांगून चुकले होते, की तो आता आधीच म्हणायचा, "हो, माहितीये, साखर किती?"

एवढं सगळं छान चाललेलं असताना मिस्त्रींचे कान गेले.

एका दिवसात नाही हो. आधी चिमण्या गेल्या, मग बायकोच्या, अख्तरबानूच्या, बांगड्यांचा आवाज गेला, मग मागून मारलेली हाक गेली. छत्तीस वर्षं डिझेल इंजिनं कानाशी धरल्यावर दुसरं काय होणार? दोन वर्षांत अशी पाळी आली की माणूस समोर असला तर त्याच्या ओठांवरून कळायचं, पाठमोरा असला तर राम राम. बायकोला काही वेगळं वाटलं नाही. तीस वर्षांच्या संसारानंतर सगळेच नवरे असे होतात, अशी तिची समजूत. गिऱ्हाइकांना मिस्त्री "बघू" म्हणायचे. कुठल्याही प्रश्नाला "बघू" हे उत्तर चालतं, हे त्यांच्या फार लवकर ध्यानात आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण इंजिनाला "बघू" म्हणून कसं भागेल? एका जीपचा बेअरिंग वाजत होता. रस्त्यावरच्या पोरालाही कळेल असा वाजत होता म्हणे. मिस्त्रींनी कान लावला आणि सांगितलं, "ठणठणीत." चौथ्या दिवशी जीप दोर बांधून ओढत आणली. मिस्त्रींनी एक पैसा न घेता ती दुरुस्त करून दिली आणि त्या आठवड्यात भाकरी त्यांच्या घशाखाली उतरली नाही. लोकांना कळलं की रियाज मिस्त्रीला ऐकू येत नाही, तर मग रियाज मिस्त्री म्हणून उरलं काय? एक म्हातारा आणि एक स्क्रू ड्रायव्हर!

दातांचं कळलं ते निव्वळ योगायोगाने. एकदा दोन्ही हात गुंतलेले, म्हणून स्क्रू ड्रायव्हरची मूठ तोंडात धरली होती. वाकले, टोक चालू इंजिनाला टेकलं, आणि मिस्त्री जागच्या जागी खिळले. आवाज! कानात नाही, थेट डोक्याच्या आत. व्हॉल्व्ह वेगळे, नोझल वेगळे, पंप वेगळा, जसं उस्तादाने शिकवलं होतं तसं सगळं एकेक सुटं, आणि कानाने ऐकायचे त्यापेक्षाही स्वच्छ. त्यांनी तोंडातली मूठ काढली तर सगळं मुकं. परत धरली तर परत तो दरबार भरलेला. "या अल्ला," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी जाऊन ते बसले आणि बऱ्याच वेळाने त्यांना कळलं की आपण रडतोय.

तेव्हापासून ते कुणी बघत नसताना दातांनी ऐकायचे आणि कुणी बघत असताना नुसता कान लावायचं नाटक करायचे. मुठीच्या लाकडावर दातांच्या खाचा पडल्या. ती बाजू ते तळहाताखाली झाकून धरायचे.

तर अशात एका रविवारी दुपारी ज्ञानदेव आला. हा भोरकडचा. घाटापलीकडच्या वाड्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचा आणि पिकअपमधून डेअरीवर आणून घालायचा. गाडी नवी, कॉम्प्युटरवाली, पण पंचवीस कॅन भरले की जुन्या घाटात दुसऱ्या वळणावर तिची छाती फुटायची. पुढं ट्रक, मागं हॉर्न, वर ऊन, आणि दूध काय कुणासाठी थांबतं? दोनदा नासलं होतं.

"रियाजभाई, ह्ये बगा काय मागवलंय," म्हणत त्याने रुमालातून एक डबी काढली. काळी, साबणाच्या डबीपेक्षा लहान, दोन वायरी लोंबत असलेली. "पावर चिप म्हंत्यात हिला. दिल्लीवरनं आलीया. भाच्यानं नेटवरनं धाडायला लावली. ही लावली की गाडी पळती म्हणं."

मिस्त्रींनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. फिरणारं चाक नाही, घासणारा दांडा नाही. वर एक छोटी गोल चकती, तिच्याभोवती एक ते नऊ आकडे. गाडीला ताकद हवी तर रिंगा बदला, नोझल बदला, पंप सोडवा, आठ दिवस घाम गाळा, हे त्यांना ठाऊक होतं. ही डबी काय करणार? इंजिनाला ताईत बांधणार?

सुट्टी असल्यामुळे फरहत गॅरेजात होती. घरी बापलेकीची हिंदी चालायची, गॅरेजात पाय ठेवला की मराठी. मिस्त्री धंदा मराठीत शिकले होते, आणि पोरीनेही इंजिनाची भाषा तिथंच उचलली होती. तिने डबीबरोबरचा कागद वाचला, आपला लॅपटॉप उघडला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला केबल जोडली. ती केबल तिने हौसेने स्वतःच्या पगारातून घेतलेली. पडद्यावर इंजिनाच्या आतलं सगळं आकड्यांत आणि रेघांत दिसायला लागलं.

"अब्बा, डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर असतो ना, तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो की दाब एवढा आहे. ही डबी त्या दोघांच्या मधे बसते आणि खरा असतो त्यापेक्षा थोडा कमी सांगते. मग कॉम्प्युटर म्हणतो, अरे, दाब कमी पडला, आणि वाढवतो. एवढंच. थोडीशी थाप आहे." हे सगळं ती पडद्याकडे बघत बोलली. मिस्त्री तिच्या मागे उभे होते. त्यांना तिची फक्त वेणी दिसत होती.

"बघू," ते म्हणाले.

बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सेन्सरचा प्लग काढला, मधे डबीचे दोन प्लग अडकवले, डबी पट्टीने बांधली. कागदात लिहिलं होतं, सुरुवात दोनावर करा, महिनाभर बघा. मिस्त्रींनी बारीक स्क्रू ड्रायव्हरने चकती दोनावर लावली. ज्ञानदेवने रिकामे कॅन पाण्याने भरून ठेवले होते. रिकाम्या गाडीची परीक्षा कसली घ्यायची, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. तिघे पुढं बसले. ज्ञानदेव स्टिअरिंगवर, फरहत मधे लॅपटॉप घेऊन, मिस्त्री खिडकीशी. घाट ओलांडून पलीकडच्या पायथ्याला उतरले आणि तिथून गाडी माघारी वळवली.

काय सांगावं त्या चढाचं! पहिलं वळण आलं, ज्ञानदेवचा हात सवयीने गिअरकडे गेला, आणि फरहत म्हणाली, "राहू द्या, काका." गाडी तिसऱ्यातच राहिली. दुसरं वळण आलं, जिथं तिची छाती फुटायची. गाडी जरासुद्धा कुरकुरली नाही. सीटने पाठीला खालून दाबावं तसं तिने तिघांना वर ढकललं आणि शांतपणे वळण घेतलं. पुढच्या ट्रकवाल्याने आरशात बघून वाट दिली. ज्ञानदेव "आयला! आयला!" याच्यापलीकडे काही बोलेना.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली. मिस्त्री उतरून बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले. खाली सगळं पुणं पसरलं होतं. तेच पिस्टन, तेच डिझेल, तोच घाट. ना काही कापलं, ना घासलं, आणि ही एवढीशी डबी इंजिनाला काहीतरी सांगते काय, आणि ते अंगात आल्यासारखं चढतं काय! आपण छत्तीस वर्षं लोखंडाशी झटलो, आणि ताकद तर शब्दात होती. सांगण्यात होती. असलं सांगणं लिहायला आपली पोरगी रोज बसने जाते. त्यांना एकाएकी इतकं भरून आलं की त्यांनी फरहतच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय झालं अब्बा?"

"काही नाही. तू कुठल्या कामाला जातेस ते आज कळलं," ते म्हणाले.

गॅरेजात परतल्यावर ज्ञानदेवने पिशवीतून हळद-कुंकू, उदबत्ती आणि नारळ काढला. नवी वस्तू बसली आणि पूजा नाही, हे त्याच्या रक्तात नव्हतं. मिस्त्रींचीही ना नव्हती. त्यांच्या स्वतःच्या हत्यारांना दर खंडेनवमीला झेंडूची माळ पडायची. "फक्त नारळाचं पाणी वायरींवर शिंपडू नकोस," एवढं बजावून ते हात धुवायला मागं गेले. फरहत चहा सांगायला टपरीवर गेली. दोघं परतेपर्यंत डबीला कुंकू लागलं होतं, उदबत्ती बंपरच्या फटीत खोचली होती आणि ज्ञानदेव हात जोडून उभा होता.

"अजून एक चक्कर मारू, रियाजभाई. मग कॅन रिकामं करून तसाच संध्याकाळच्या दुधाला जातो."

दुसऱ्या चक्करला गाडी चढली नाही, उडाली. ज्ञानदेव खिदळत होता. फरहतच्या पडद्यावर सगळं हिरवं, दाब जिथल्या तिथं. पण मिस्त्रींच्या तळपायाला काहीतरी लागलं. गाडीच्या तळातून, चपलेतून, बारीक बारीक टोचणी, मघाशी नव्हती अशी. त्यांनी चप्पल काढून अनवाणी पाय पत्र्यावर ठेवला. आहे. नक्की आहे. की नाही? जीपच्या वेळेलाही त्यांना असंच नक्की वाटलं होतं.

गाडी परत गॅरेजात आली. इंजिन चालूच होतं. ज्ञानदेव कॅन ओतायला उतरणार, तोच मिस्त्री म्हणाले, "थांब. जरा रेस करून धर."

त्यांनी बॉनेट उघडलं, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, मूठ कानाला लावली. काही नाही. शून्य. ज्ञानदेव काचेतून बघत होता, फरहत शेजारी उभी होती. मूठ दातांत धरली तर दोघं विचारणार, हे काय? मग सगळंच बाहेर येणार. नाही धरली तर ज्ञानदेव जाणार, येताना दूध भरून घाट चढणार, आणि त्या टोचणीचं जे काय व्हायचं ते तिथं वळणावर होणार. कदाचित काहीच होणार नाही. पडदा तर हिरवा आहे. पोरगी शिकलेली आहे. आपण बहिरे आहोत. गप्प बसायला एवढी कारणं एका वेळी माणसाला क्वचित मिळतात.

मिस्त्रींनी मूठ दातांत धरली.

डोळे मिटले. आणि दरबार भरला. पहिला ठीक. दुसरा ठीक. चौथा जरा तापट. आणि तिसरा! तिसऱ्यात कुणीतरी हातोडीने खिळा ठोकत होतं. दर फेरीला, ठण्, ठण्, डिझेल वेळेआधी भडकत होतं. नोझलमधून ते नुसतं सुटत नव्हतं, कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखं फेकलं जात होतं. असला दाब त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी हात वर करून खूण केली. ज्ञानदेवने इंजिन बंद केलं.

गॅरेजात चिडीचूप झालं. मिस्त्री पाठमोरे, इंजिनावर वाकलेले.

"अब्बा, काय झालं?" फरहत मागून म्हणाली. ते वळले नाहीत. "अब्बा?" रस्त्यावर त्या क्षणी एकही गाडी नव्हती. "अब्बा!"

ती चालत त्यांच्या पुढ्यात आली. त्यांनी दचकून मान वर केली. "काय गं?"

"मी तीनदा हाक मारली."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घट्ट धरला आणि म्हणाले, "ते नंतर बोलू. आधी हे ऐक. तिसरा मार खातोय. दाब फार झालाय. ही गाडी अशी घाटात गेली तर पिस्टनला भोक पडेल."

"पण दाब बरोबर आहे अब्बा, हे बघा ना, कुठंच वाढलेला नाही." आणि मग हळूच, त्यांना दुखवायचं नाही म्हणून हळूच, ती म्हणाली, "तुम्हाला... माझी हाक ऐकू आली नाही."

ज्या वाक्याला मिस्त्री दोन वर्षं घाबरत होते, ते असं आलं. स्वतःच्या पोरीच्या तोंडून, ज्ञानदेवच्या देखत. सोनाराने कान टोचले तर दुखत नाही म्हणतात. दुखतं हो. पण मिस्त्रींना त्या घडीला दुखायला सवड नव्हती. ते डबीकडे बघत होते. सेन्सरची वायर डबीत जाते. डबीची वायर कॉम्प्युटरकडे जाते.

"तुझा लॅपटॉप कुणाला विचारतो?"

"गाडीच्या कॉम्प्युटरला."

"आणि त्याला कोण सांगतं?"

फरहतने वळून डबीकडे बघितलं.

"मार्केट यार्डात दलाल शेतकऱ्याला एक भाव सांगतो आणि वाण्याला दुसरा," मिस्त्री म्हणाले. "तू वाण्याची वही वाचतेयस, बेटा. शेतकऱ्याला विचार."

ती मल्टिमीटर घेऊन आली. इंजिन परत सुरू केलं, रेस धरली, आणि तिने आधी डबीच्या कॉम्प्युटरकडच्या वायरीत सुई टोचून आकडा घेतला, मग सेन्सरकडच्या वायरीत. दोन आकड्यांत अंतर होतं. मघाशी तिने धरलं होतं तसं थोडंसं नव्हे, भलंमोठं. तिने परत मोजलं. मग मोबाइलवर गणित केलं. पडदा ज्याला हिरवं म्हणत होता, तो दाब खरं तर इंजिन बनवणाऱ्यांनी घातलेल्या हद्दीच्या केव्हाच पलीकडे गेला होता, आणि तेही गाडी जागेवर उभी असताना.

"दोनावर एवढा फरक पडूच शकत नाही," ती पुटपुटली आणि डबीवर वाकली. कुंकवाच्या टिळ्याखाली चकतीचा बाण नवाकडे होता.

दोघांनी ज्ञानदेवकडे बघितलं.

"आता नऊ आकडं हायेत म्हणल्यावर दोनावर कशापायी ठिवायचं?" ज्ञानदेव कानकोंडा होऊन म्हणाला. "पैसं तर नवाचं दिल्यात. घरात पंख्याला पाच आकडं असत्यात, आपण पाचावरच लावतो का न्हाई?"

"पंखा पिस्टनला भोक पाडत नाही, ज्ञानदेव." मिस्त्रींनी चकती दोनावर आणली आणि वर चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. मग परत मूठ दातांत धरली, या वेळी कुणाकडेही न बघता. तिसरा गप्प झाला होता. फरहतने दोन्हीकडून मोजलं. तेही जुळलं.

"रियाजभाई, मानलं!" ज्ञानदेव हात जोडून म्हणाला. "कॉम्प्युटरला कळंना त्ये तुमास्नी कळलं. तुमचा कान म्हंजी कान हाय!"

इथं मिस्त्रींना गप्प बसता आलं असतं. फरहतही काही बोलली नसती. पण आज त्यांना ते नकोसं झालं.

"कान नाही ज्ञानदेव. कान गेला दोन वर्षांमागं. त्या जीपचा बेअरिंग मला ऐकूच आला नव्हता. तू बोलतोस ते मी ओठांवरून वाचतो. इंजिन तेवढं दातांनी ऐकतो." आणि त्यांनी मूठ उलटी करून त्या खाचा दोघांना दाखवल्या.

ज्ञानदेवने त्या खाचांवरून अंगठा फिरवला. मग त्याने कागदाच्या पुडीतलं उरलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लोखंडाला टिळा लावला. कॅन ओतले, गाडीत बसला, आणि जाताना मिस्त्रींना नीट दिसावं म्हणून खिडकीतून पार बाहेर वाकून, तोंड मोठं करून म्हणाला, "उद्या भावाचा टेम्पू घिऊन येतो! तुमीच ऐकायचा!"

गाडी घाटाकडे गेली. बापलेक उरले. फरहत काहीतरी विचारेल, रागवेल, डॉक्टर म्हणेल, मशीन म्हणेल, याची मिस्त्री वाट बघत राहिले. ते सगळं पुढं झालंच. कानाचं मशीन आलं, आणि इंजिनाजवळ गेले की मिस्त्री ते काढून खिशात ठेवू लागले. पण त्या दुपारी फरहत एवढंच म्हणाली, "द्या इकडे."

कोपऱ्यात एका गिऱ्हाइकाची जुनी जीप उभी होती. तिने ती सुरू केली, बॉनेट उघडलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. तिचे दात बापाच्या दातांनी पाडलेल्या खाचांत जाऊन बसले. मग तिने दोन्ही तळहातांनी आपले कान गच्च दाबून घेतले आणि डोळे मिटले.

मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी कपाळावर आठी आली. मग आठी गेली. मग भुवया वर चढत गेल्या, आणि मिटलेल्या पापण्यांच्या कडेने पाणी आलं. ज्या इंजिनांसाठी ती चार वर्षं रोज आकडे लिहीत होती, त्यांचं एक जुनं भावंड पहिल्यांदा तिच्या डोक्याच्या आत बोलत होतं.

कितीतरी वेळाने तिने मूठ सोडली आणि त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द नीट दिसेल असं विचारलं, "अब्बा, हे तुम्हाला रोज ऐकू येतं?"

"रोज," मिस्त्री म्हणाले.